कोरड्या हातांची अट

माझ्या हातांना घाम येतो, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. शाळेत फळ्यावर लिहिताना बोटांतला खडू ओला व्हायचा, पोरांच्या वह्या तपासताना शाई पसरायची. पण त्या घामावरून मला कोणी नापास केलं नव्हतं. ते केलं उत्तनच्या एका म्हाताऱ्यानं. आम्ही त्याचं रिव्हॉल्वर विकत घ्यायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. गिरगावातली खोली सोडून आम्ही भाईंदर पश्चिमेला राहायला आलो त्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. घरात आम्ही दोघंच, मूलबाळ नाही. मी नाक्यापलीकडच्या मराठी शाळेत शिकवायचे. हे हाटकेशला स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात होते. दर शनिवारी बँकेतून कामगारांचा पगार आणायचं काम यांच्याकडं. एका शनिवारी दोघांनी यांना रस्त्यात अडवलं, पिशवी हिसकावली आणि जाता जाता यांचा पुढचा एक दात पाडला. शेटजी घाबरले. त्यांनी यांच्यामागं लकडा लावला की आता हत्याराचा परवाना काढाच.

मी भयंकर संतापले होते. झुरळ दिसलं तर कागदावर घेऊन गॅलरीतून सोडणारा माणूस हा, याच्या हातात पिस्तूल देऊन काय होणार? विकतचं दुखणं, असं मी स्पष्ट सांगितलं, आणि रोज सांगितलं. हे ऐकून घ्यायचे. आमच्या घरात बोलायचं खातं माझ्याकडं आणि ऐकायचं यांच्याकडं, अशी वाटणी पहिल्यापासून आहे. अर्ज, चौकशा, सही-शिक्के असं करत दोन वर्षांनी परवाना हातात आला. तोपर्यंत माझाही घसा बसला होता.

परवाना मिळाला तरी वस्तू कुठून आणायची? यांच्या अर्जाचं काम पाहणाऱ्या चौकीतल्या हवालदारांनीच सांगितलं की उत्तनला एक ख्रिश्चन म्हातारे आहेत, त्यांची नजर जात चाललीय, परवान्याचं नूतनीकरण आता होणार नाही, आणि ते परवानाधारक गिऱ्हाईक शोधतायत. मिळालं नाही तर त्यांना आपलं रिव्हॉल्वर चौकीत जमा करावं लागेल. एका रविवारी आम्ही उत्तनची बस पकडली. मी मोडता घालायलाच गेले होते.

समुद्राकडच्या आळीत त्यांचं कौलारू घर होतं. अंगणात क्रूस, क्रुसाला फुलांचा हार, आणि शेजारच्या अंगणात दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले. गावात सगळे त्यांना अंकल म्हणायचे, आम्हीही म्हणायला लागलो. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन वसईला. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी भाईंदरच्या मिठागरात मुकादमी केली होती. तेव्हा मिठागरावर पगार घेऊन जायला बंधाऱ्यावरनं चालत जावं लागायचं, म्हणून मालकानं त्यांना हे रिव्हॉल्वर घेऊन दिलं होतं. म्हणजे यांचं आणि त्यांचं दुखणं एकच.

वस्तू दाखवायच्या आधी त्यांनी आम्हाला जवळ बोलावलं आणि हात पुढं करायला सांगितले. यांचा तळवा त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिला, उलटा केला, पुन्हा दाबला. मग माझा घेतला. मला वाटलं, हात बघून भविष्य सांगतात की काय! माझा हात त्यांनी लगेच सोडून दिला.

"याचा हात कोरडा हाय, याला देईन," ते म्हणाले. "बाय, तू हात लावायचा न्हाय. लावलास तर लगेच पुसायचं."

घामात मीठ असतं आणि मीठ लोखंडाला खातं, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मी, शाळामास्तरीण, गुमान ऐकलं. तीस-बत्तीस वर्षं मिठागरात वावरूनही त्यावर गंजाचा एक ठिपका त्यांनी पडू दिला नव्हता. रोज संध्याकाळी पुसायचं, आठवड्यातनं एकदा तेल, पावसाळ्यात दोनदा. माणसाला एखाद्या गोष्टीचा अभिमान असतो ना, त्यांचा हा होता. कोणाला गोळी मारली, कोणाला धाक दाखवला, असलं काही त्यांनी सांगितलं नाही, कारण तसं काही घडलंच नव्हतं. गंज चढू दिला नाही, हीच त्यांची मर्दुमकी.

मग त्यांनी ते काढलं. मी मनात सिनेमातलं काहीतरी लांबलचक धरून बसले होते. हे निघालं एवढंसं! आखूड नळीचं, बुटकं, गोल मुठीचं. विलायती बनावटीचं, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या काळातलं. मूठ लाकडाची, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली, आणि पोलाद असं निळंकाळं की पिकल्या जांभळाची आठवण व्हावी. अंकलनी अंगठ्यानं एक खटका दाबला, काडतुसांची चक्री बाजूला काढली, रिकामी आहे याची बोटानं खात्री केली आणि नुसती फिरवली. बारीक, एकसारखा आवाज आला. आजीच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता असा चालायचा. मोडता घालायला आलेली मी पुढं वाकून म्हणाले, परत फिरवा की.

भाव ठरला, पण अंकलची एक अट होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते त्यांच्याकडं घेऊन जायचं, म्हणजे ते स्वतः साफ करतील. हे हो म्हणाले. पुढं परवानगीचा अर्ज, दोघांच्या परवान्यावर नोंदी, सगळं रीतसर झालं. चौकीत साहेबांनी मुठीखालचा बारीक नंबर भिंगातून वाचून कागदाशी ताडून पाहिला. अंकल बाकावर बसून होते. नंबर वाचून होण्याआधी त्यांनी तो पाठ म्हणून दाखवला.

असं ते आमच्या घरी आलं. काडतुसं वेगळ्या डब्यात कुलपात, रिव्हॉल्वर कपाटातल्या पेटीत, दोन्ही किल्ल्या यांच्या जानव्याला. शनिवारी तेवढं ते यांच्याबरोबर बाहेर जायचं आणि बार न काढता परत यायचं. बार आमच्या घरात कधी निघालाच नाही, देवाची कृपा. पण संध्याकाळी चहा झाला की हे दाराला कडी लावून, जमिनीवर जुना पेपर अंथरून बसायचे. माझ्या जुन्या मलमलच्या साडीच्या चिंध्या, बारीक ब्रश, तेलाची कुपी. आधी मी लांबून बघायचे, मग स्वयंपाकाच्या ओट्यावरनं, मग जवळ पाट घेऊन. हौसेला मोल नाही म्हणतात ते उगीच नाही. दिवसभर चाळीस पोरांवर ओरडून आल्यावर त्या चक्रीचा आवाज ऐकला की माझं डोकं शांत व्हायचं. कधी हे माझ्या हातात द्यायचे. एवढंसं असून केवढं वजन, आणि कसं मुठीत बसायचं! मी ते धरायचे, आणि यांनी हात पुढं केला की देऊन टाकायचे. हे लगेच पुसायचे, अंकलचा हुकूम म्हणून.

आणि पहिला रविवार. त्याची तर मी वाटच बघायला लागले. मी डब्यात काहीतरी करून न्यायचे, अंकल चहा करायचे. मग ते मांडीवर टॉवेल पसरून बसायचे आणि न बघता, नुसत्या बोटांनी, कोपरा न् कोपरा पुसायचे. पुसताना मिठागराच्या गोष्टी सांगायचे. हे ऐकायचे आणि मी मध्ये मध्ये बोलायचे. माझे वडील गेले तेव्हा मी वीस वर्षांची होते. जास्त बोलत नाही, पण त्या ओट्यावर बसलं की मला माहेरी आल्यासारखं वाटायचं.

आता माझ्या हातून झालं ते सांगते.

आमच्याकडं खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पुजतात. विळी, कात्री, अडकित्ता, यांचा पाना-पक्कड. पहिल्या वर्षी मी ते रिव्हॉल्वर देवापुढं ठेवू दिलं नव्हतं, माणसं मारायची वस्तू म्हणून. दुसऱ्या वर्षी निवडणुका होत्या. निवडणुका लागल्या की परवान्याची हत्यारं चौकीत जमा करावी लागतात, त्यामुळं ते नव्हतंच घरी. गंमत म्हणजे त्या दिवसांत मला घर सुनं वाटलं. तिसऱ्या वर्षी मीच म्हणाले की यंदा त्याची पूजा करायची. विळी पुजायची आणि याला कपाटात ठेवायचं, हे मला पटेना. आपल्या घरचं झालं होतं ना ते.

यांना कारखान्यात मशिनांच्या पूजेला जायचं होतं. चक्री रिकामी करून, काडतुसं कुलपात टाकून यांनी ते पाटावर ठेवलं आणि मला बजावलं की नुसतं फूल वाहा, कुंकू नको, पाणी तर नकोच. मी हो म्हणाले. पण हे गेल्यावर पाटाकडं बघते तर विळी, कात्री, अडकित्ता सगळे हळदकुंकू लावून सजलेले, आणि हे बिचारं कोपऱ्यात पांढऱ्या कपाळाचं! मला बघवेना. कुंकवाशिवाय पूजा कसली? कोरडं कुंकू पोलादावर टिकेना, म्हणून बोट ओलं केलं. नळीवर हळदकुंकवाची बोटं ओढली, मुठीला लावलं, वर पाणी शिंपडलेली झेंडूची माळ घातली. इतकं सुरेख दिसत होतं. आणि मांडलेली पूजा दसऱ्यापर्यंत हलवायची नाही ही आमची रीत, म्हणून रात्रभर ते तसंच राहिलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी हे यायच्या आत मी ते पुसलं, आपल्या मते स्वच्छ. यांना काही कळलं नाही, यांनी पेटीत ठेवून दिलं. मग कारखान्यात दिवाळीच्या मालाची घाई सुरू झाली, हे रात्री नऊ-नऊला यायला लागले. शनिवारी पेटीतून काढायचं, खिशात टाकायचं, आल्यावर परत ठेवायचं, एवढंच. रोजचं पुसणं राहिलं. त्या महिन्याचा रविवारही चुकला, अंकल मुलीकडं वसईला होते.

दिवाळीच्या साफसफाईत यांनी ते काढून माझ्या हातात दिलं. नळीवरच्या कोरलेल्या अक्षरांत आणि मुठीच्या कडेला लाल दिसत होतं. मला वाटलं, कुंकू राहिलंय. पदरानं पुसलं, निघेना. थोडं तेल लावून घासलं, तरी निघेना. नखानं खरवडलं तेव्हा नखाखाली खरखरलं. ते कुंकू नव्हतं.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. जे मिठागरात तीस वर्षं टिकलं ते माझ्या देव्हाऱ्यासमोर तीन आठवड्यांत गंजलं. यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, त्याचा मला जास्त राग आला. बोला की काहीतरी, असं मी यांच्यावरच ओरडले, आणि मग रडले. कारखान्यात भांड्यांना चकाकी आणायची मशीन होती. त्यावर धरून आणा, दोन मिनिटांत साफ होईल, अंकलना कळणारही नाही, असं मी सुचवलं. यांनी शांतपणे सांगितलं की त्या मशीनखाली निळा मुलामा जाईल, अक्षरं जातील, आणि मुठीखालचा नंबर जरा जरी घासला गेला तरी आपण तुरुंगात जाऊ. आणि अंकलना कळणार नाही हे तू कुणाला सांगतेयस, असंही म्हणाले. बरोबरच होतं. त्यांची बोटं डोळ्यांपेक्षा पक्की.

पहिल्या रविवारी आम्ही गेलो. बसमध्ये मी एक शब्द बोलले नाही. यांनी दोनदा विचारलं, बरं नाही का. दोन्ही बाजूंना मिठाचे ढीग लागले तेव्हा मी खिडकीतून तोंडच आत घेतलं. मला एकच भीती होती. चिडले, बोलले, तर मी ऐकून घेईन. पण पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणाले तर काय करायचं?

अंकलनी मांडीवर टॉवेल पसरला. नेहमीसारखी चक्री काढून रिकामी आहे का पाहिली. मग अंगठा नळीवरून पुढं नेला आणि थांबले. मागं नेला, परत पुढं आणला. अक्षरांवर, मग मुठीच्या कडेला. शेजारी कोणीतरी सुकट पाखडत होतं, त्याचा तेवढा आवाज.

"पाणी कसं लागलं?" त्यांनी यांना विचारलं.

"माझ्याकडून तांब्या सांडला," हे म्हणाले. सत्तावीस वर्षांच्या संसारात या माणसाला मी एवढंच एक खोटं बोलताना ऐकलं. मला ते सहन झालं नाही.

"अंकल, मी कुंकू लावलं," मी म्हणाले. "बोट ओलं करून लावलं. पूजा केली त्याची."

ते उठले, रिव्हॉल्वर टॉवेलावर ठेवलं आणि भिंतीला हात लावत आत गेले. झालं, संपलं, असं मला वाटलं. मी डबा पिशवीत भरायला घेतला. पण ते परत आले, हातात रॉकेलची बाटली आणि सुती फडकं घेऊन. खाली बसून गंजाच्या जागी रॉकेल लावत बसले. मग मान वर न करताच बोलायला लागले. तरुणपणी एकदा ते हे रिव्हॉल्वर खिशात घालून फादरकडं गेले होते. गावात दरवर्षी होड्यांना आशीर्वाद देतात, जाळ्यांना देतात, इंजिनालाही देतात. याच्यावर माझी भाकर हाय, यालाही द्या, असं त्यांनी सांगितलं. फादर भले होते, पण म्हणाले की याला नाही देता येणार. त्यावर अंकल कधी कोणाशी बोलले नव्हते. नुसतं पुसत राहिले.

"तीस वर्षं मी त्याला साफ ठेवला," ते म्हणाले. "पूजा कोणी केली न्हाय. तू केलीस."

वरचा गंज निघाला. अक्षरांमध्ये बारीक खड्डे राहिले ते राहिलेच. ते राहू देत, असं त्यांनी सांगितलं. पण निघताना मला ठणकावून विचारलं की पुढच्या वर्षी पूजा कोणत्या दिवशी आहे.

पुढच्या खंडेनवमीला ते एकटे, काठी टेकत, बसनं भाईंदरला आले. कंडक्टरनं त्यांना हात धरून उतरवलं आणि थांब्यावर उभे असलेले हे त्यांना घरी घेऊन आले. चपला दाराशी काढून ते देव्हाऱ्यासमोर खुर्चीत बसले, खिशातून घडी केलेलं फडकं आणि तेलाची कुपी काढून मांडीवर ठेवली. मी हळद लावली, कुंकू लावलं, फूल वाहिलं. अजून हात जोडतेय तोच मागून आवाज आला, "पुरे, बाय. दे इकडं." आणि ते पुसायला लागले. विळी, कात्री दसऱ्यापर्यंत पाटावर, हे मात्र पाच मिनिटांत पूजेतून मोकळं. पूजा हलवायची नाही ही रीत आमच्या घरात त्यांनी मोडली, आणि आम्ही ती मोडू दिली. मग पुरणपोळी. तूप जास्त घ्यायचे.

असं पाच वर्षं चाललं. पाचव्या वर्षी त्यांची बोटं थरथरायला लागली होती. "पुरे, बाय," म्हणाले आणि फडकं माझ्यापुढं धरलं. मी म्हणाले, अंकल, माझे हात घामट आहेत, तुम्हीच सांगितलंय. त्यांनी माझा हात ओढून घेतला, पहिल्या दिवशीसारखा अंगठ्यानं तळवा दाबून पाहिला.

"अजून ओलाच हाय," ते म्हणाले. "पूस तरी."

मी पुसलं. नळी, चक्री, मूठ, अक्षरांमधले माझेच खड्डे. ते कान देऊन ऐकत होते. त्या नाताळाच्या आधीच ते गेले. वसईहून मुलीनं निरोप धाडला. आम्ही उत्तनला गेलो तेव्हा चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला मी पाट मांडला. यांनी चक्री रिकामी करून ते ठेवलं आणि कारखान्याला न जाता दारात उभे राहिले. खुर्ची मी सवयीनं देव्हाऱ्यासमोर ओढून ठेवली होती. हळद लावली, कुंकू लावलं, फूल वाहिलं. हात जोडले आणि जोडूनच राहिले. कोणी काही बोलेना.

"पुरे, बाय," शेवटी मीच म्हणाले, आणि फडकं हातात घेतलं.